नियमांची वही कोणाच्या हातात?

कपड्यांना चिकटणाऱ्या, खिशाच्या तळाशी साचणाऱ्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1978 साली सी भाषेतल्या प्रोग्राममधला असाच बारीक कचरा शोधणारं साधन तयार केलं आणि त्याला हेच नाव दिलं. प्रोग्राम चालत असतो, कंपायलरची तक्रार नसते. लिंट मात्र विचारतं, हे नाव तुम्ही नोंदवलंत, मग वापरलं का नाही?

जावास्क्रिप्टच्या जगात हे काम 2002 मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसलिंटने सुरू केलं. त्यातले नियम क्रॉकफर्ड यांच्या पसंतीचे होते आणि ते बदलायला फारशी जागा नव्हती. कडक हेडमास्तरांची शाळाच ती. 2011 मध्ये अँटोन कोवाल्योव्ह यांनी त्याच कोडमधून फुटून जेएसहिंट काढलं, त्यात मुभा जास्त होती. 2013 मध्ये निकोलस झाकास यांनी ईएसलिंट आणलं. इथे प्रत्येक नियम सुटा: चालू करा, बंद करा, नुसती ताकीद द्या, किंवा स्वतःचा नियम लिहा.

मुभा मिळाली आणि नवा घोळ सुरू झाला. एका टीमचे दहा प्रकल्प असतील तर नियमांच्या फायलीही दहा. पहिली फाइल कोणीतरी मन लावून लिहितो, बाकीच्या नऊ ठिकाणी तिची नक्कल जाते. मग एका ठिकाणी घाईत एक नियम बंद होतो, दुसरीकडे एक वाढतो. उर्दू शिकवणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. ‘इस लिए’ तोडून लिहायचं की जोडून, यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. रशीद हसन खान यांनी ‘उर्दू इम्ला’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला, तरी सगळ्या वह्या एकसारख्या झाल्या नाहीत. या वर्गात बरोबर ठरलेला शब्द शेजारच्या वर्गात चूक ठरला की मूल भाषेवरच रुसतं. प्रकल्प बदलणाऱ्या प्रोग्रामरचंही तेच.

ईएसलिंटने यावर काढलेला तोडगा साधा होता. नियमांची फाइल वेगळं पॅकेज म्हणून एनपीएमवर ठेवायची आणि प्रत्येक प्रकल्पाने एका ओळीत तिचा हवाला द्यायचा. एअरबीएनबी कंपनीने आपला नियमसंच असा खुला केला आणि त्या कंपनीशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी टीमनी तो जसाच्या तसा उचलला. ‘स्टँडर्ड’ नावाच्या संचाने तर निवडीचा प्रश्नच मिटवला: ओळीच्या शेवटी अर्धविराम नको म्हणजे नको. त्यावरून लोक तावातावाने भांडले. मला विचाराल तर अर्धविराम असो वा नसो, दहाही ठिकाणी एकच उत्तर मिळणं महत्त्वाचं.

पण वही एक झाली की तिच्यातली एक दुरुस्ती दहा घरांत पोचते. सकाळी एक नियम कडक करा, दुपारपर्यंत दहाही प्रकल्पांची तपासणी लाल. म्हणून शहाण्या टीम पॅकेजला आवृत्ती क्रमांक देतात, नवा नियम आधी ताकीद म्हणून आणतात, आणि कोणी कधी वर चढायचं ते त्या त्या प्रकल्पावर सोडतात. जिथे नियम वरून येतात आणि विचारायची सोय नसते, तिथे माणसं तपासणी बंद करणारी टिप्पणी ओळीवर चिकटवून मोकळी होतात. नियम कागदावर शाबूत, कोड होतं तसंच.

आणखी एक धोका होता, तो 12 जुलै 2018 रोजी दिसला. ईएसलिंटच्या एका देखभालकर्त्याचा पासवर्ड दुसऱ्या एका साइटवरही तोच होता. हल्लेखोराने त्याच्या एनपीएम खात्यातून दोन पॅकेजच्या विषारी आवृत्त्या चढवल्या. एक होतं ईएसलिंट-स्कोप. दुसरं होतं ईएसलिंट-कॉन्फिग-ईएसलिंट, म्हणजे ईएसलिंटच्या टीमचा स्वतःचा सामायिक नियमसंच. पॅकेज बसवताच ते त्या संगणकावरची एनपीएमची प्रवेश-टोकन चोरून बाहेर पाठवायचं. नियमांची यादी समजून घेतलेली वस्तूही शेवटी दुसऱ्याने लिहिलेला, आपल्या यंत्रावर चालणारा कोडच होती. काही तासांत त्या आवृत्त्या काढल्या गेल्या, आणि एनपीएमने त्या दिवसापर्यंत दिलेली सगळ्यांची टोकन रद्द केली.