बोलेल तो सापडेल

ड्रोन पकडायचा म्हटले की आधी रडार आठवते. पण हातभर लांबीच्या, प्लॅस्टिकच्या, झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या ड्रोनला रडार पुष्कळदा पक्षी समजते. म्हणून अनेक ठिकाणी निराळी यंत्रे लावतात. ती स्वतः काही सोडत नाहीत, ड्रोन आणि चालक यांच्यातला रेडिओसंवाद ऐकत बसतात. त्यांचे कूळ रडारचे नाही, चोरट्या प्रक्षेपकाच्या मागावर फिरणाऱ्या पोलिसी गाडीचे आहे. आणि त्यांचे गुण-दोषही तिथूनच आले आहेत.

चोरट्या प्रक्षेपकांतल्या एकाचा उगम सिल्वासाच्या मुलखात आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि दादरा-नगर हवेलीतून हटलेल्या पोर्तुगीजांची दोन बिनतारी यंत्रे मागे राहिली. गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांनी त्यांतून प्रक्षेपक उभा केला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून कोकणी व पोर्तुगीजमध्ये गुप्त ध्वनिक्षेपण सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकहून १९६१ पर्यंत चालले. दिशा कळली तरी भारताच्या हद्दीत शिरून यंत्र उचलणे पोर्तुगीजांना शक्य नव्हते. १९४२च्या मुंबईत उषा मेहतांच्या गुप्त काँग्रेस रेडिओला हे कवच नव्हते, म्हणून तो सतत जागा बदलत राहिला. कारण पोलिसी गाडीला अँटेना फिरवून प्रक्षेपक कोणत्या रेषेवर आहे ते कळते, दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेषा मिळते आणि दोन्ही छेदतात तिथे घर सापडते. तरी १२ नोव्हेंबरच्या पोलिसी धाडीला कारण ठरला तो फितूर झालेला तंत्रज्ञ. (ऐकणाऱ्या यंत्राला माणसाची मदत तेव्हाही लागली, हे विसरू नये.)

यावर कोणी म्हणेल, तेव्हा प्रक्षेपक एकाच लहरीवर बोलत असे. आजचा ड्रोन क्षणाक्षणाला कंप्रता बदलतो, तीही बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे सिल्वासाच्या कारखान्यांतले वायफायही गजबजलेले असते. आक्षेप रास्त आहे. गंमत अशी की उड्या मारत बोलण्याचे अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांचे पेटंट ११ ऑगस्ट १९४२चे, म्हणजे काँग्रेस रेडिओ सुरू झाला त्याच महिन्यातले. पण उड्यांनाही एक ठेका असतो आणि संगणक तो गर्दीतून वेगळा काढू शकतो. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. त्यामुळे घड्याळे जुळवलेल्या तीन-चार रिसीव्हरांवर ती किती आगेमागे पोहोचली, यावरून जागा काढता येते. ही छेदणाऱ्या रेषांचीच पुढची पिढी. शिवाय काही ड्रोन स्वतःची ओळख आणि चालकाचे ठिकाणही प्रसारित करतात. डीजेआय कंपनीच्या ड्रोनचे हे संदेश कूटबद्ध नसल्याचे जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले.

मोठा आक्षेप मौनाचा आहे. आधी आखलेल्या मार्गाने जाणारा किंवा युक्रेनच्या युद्धातल्यासारखा प्रकाशतंतूवर चालणारा ड्रोन हवेत काहीच बोलत नाही, मग ऐकायचे काय? इथे या यंत्राची हद्द संपते; रडार, कॅमेरे आणि पहारा लागणारच. पण लग्नाच्या मांडवावरून किंवा कारखान्याच्या कुंपणावरून जाणारे बहुतेक बाजारी ड्रोन बोलके असतात, आणि त्यांचा चालक कुठे उभा आहे हे रडार सांगत नाही, ऐकणारे यंत्र सांगू शकते. म्हणून असे यंत्र जरूर घ्यावे. मात्र एवढ्याच यंत्रावर पूर्ण संरक्षणाची हमी देणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवावे.