देऊळ, नगरगृह आणि घरकुल

नगराची ओळख देवळाच्या शिखरावरून होते, हे खरे. परंतु त्याची परीक्षा कष्टकऱ्याच्या छपरावरून होते. या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करावयाचा, तर आपल्या सीमाभागाला जवळचे असलेले सोलापूर डोळ्यांसमोर येते. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथे एकाच अंगणात नांदतात.

बाराव्या शतकात तेथे शिवयोगी सिद्धरामेश्वर होऊन गेले. आपल्याच बीदर जिल्ह्यातील कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांच्या प्रेरणेने जो अनुभव मंटप भरला, त्याच्या शून्यपीठाचे अधिपत्य पुढे त्यांच्याकडे आले. सोलापुरात त्यांनी पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि तळे खोदविले, असे परंपरा सांगते. भुईकोट किल्ल्याला लागून असलेल्या त्या तळ्यात आजचे सिद्धेश्वर मंदिर उभे आहे. देवालयासाठी दगड रचणारा हात लोकांच्या पाण्यासाठी मातीही उपसतो, हा त्या स्थापत्यातील खरा धर्म होय. मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज मिरवताना भाविक आजही याच लिंगांना प्रदक्षिणा घालतात.

पुढे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली. १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली आणि कामगारांचा ओघ सुरू झाला. गिरण्यांच्या वैभवाच्या त्या काळात अप्पासाहेब वारद यांनी ‘इंद्रभुवन’ नावाची देखणी वास्तू बांधली. १९६४ साली महानगरपालिका झाली आणि एका धनिकाचे हे निवासस्थान तिचे कार्यालय, म्हणजे सर्वांचे नगरगृह, बनले.

परंतु माग चालविणारा विणकर आणि विड्या वळणारी माऊली यांच्या वाट्याला मात्र दाटीची झोपडी आली. विडी कामगार स्त्रीचे घर हाच तिचा कारखाना. उजेड आणि हवा नसेल, तर तंबाखूची धूळ मुलाबाळांच्याही छातीत बसते. ही उणीव जाणून नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकाराचा मार्ग धरला. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची सुमारे १०,००० घरे झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. त्याच परिसरातील ३०,००० घरांच्या ‘रे नगर’ वसाहतीतील १५,००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ रोजी कष्टकऱ्यांच्या स्वाधीन झाली. अर्थात, नगराबाहेरच्या वसाहतीत केवळ भिंती पुरत नाहीत. नळ, शाळा, दवाखाना आणि कामावर जाण्यास वाहन हवे, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू. कमलनगर २०१८ साली तालुक्याचे ठिकाण झाले. आता कचेऱ्या उठतील, वस्ती वाढेल, देवालयांचे जीर्णोद्धारही होतील. अशा वेळी महाजनांनी शिखराची उंची ठरविण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत: या वास्तूने गावाच्या पाण्यात काय भर घातली? आणि जिच्या भिंतीसाठी मजुराने घाम गाळला, त्या मजुराच्या डोक्यावर छप्पर आहे काय? सिद्धरामेश्वरांच्या तळ्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. दुसऱ्याचे उत्तर देणे आपल्या पिढीकडे आहे.