घाटातील मोटार आणि निदानाची परिभाषा

'निदान' हा शब्द आज मराठीत दोन अर्थांनी वावरतो : 'किमान' या अर्थी अव्यय म्हणून, आणि 'रोगनिश्चय' या अर्थी नाम म्हणून. आयुर्वेदात मात्र निदान म्हणजे मूळ कारण. रोगाचे ज्ञान निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती या पाच अंगांनी होते, असे 'माधवनिदाना'त मानले आहे. यांपैकी 'उपशय' हे अंग विशेष लक्षणीय होय. रोगाचे स्वरूप गूढ असता एखादा उपचार करून पाहावयाचा आणि त्याच्या गुणावगुणावरून रोग ओळखावयाचा, ही उपशयाची रीत. भोर व वेल्हे परिसरातील घाटरस्त्यांवर पेट्रोल-मोटारींचे दोष ओळखण्याची जी पद्धत रूढ झाली, ती जवळजवळ संपूर्णपणे उपशयाची होती, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या प्रदेशाची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट असो, वा नसरापूरहून तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यास जाणारी वाट असो, चढ, वळण आणि मंद गती यांपासून वाहनाची सुटका नाही. पंतसचिवांचे भोर संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी 1 जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या बेडफर्ड गाड्यांची एंजिने पेट्रोलवर चालत. म्हणजे डिझेलचा सार्वत्रिक प्रसार होण्यापूर्वी चढावरील प्रवास पेट्रोलच्या स्वभावावर अवलंबून होता.

टाकीतील पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत नेण्याच्या तीन रीती एकामागून एक आल्या, आणि प्रत्येकीचा घाटातील रोग निराळा होता. 1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्ड 'मॉडेल टी'मध्ये पेट्रोल केवळ स्वतःच्या भाराने उतरे. तीव्र चढावर टाकी अर्धवट रिकामी असली, तर एंजिनाची पातळी टाकीहून वर जाई व पुरवठा तुटे. म्हणून चालक गाडी उलटी करून मागल्या मागे चढ चढत. पुढे एंजिनाच्या शोषणाने पेट्रोल एका लहान टाकीत ओढून घेण्याची युक्ती निघाली. परंतु लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असता हे शोषणच मंदावते. तेव्हा क्षणभर पाय उचलला, की लहान टाकी भरे आणि गाडी पुन्हा दम धरी. पाय उचलणे हा उपचारही होता आणि परीक्षाही. तिसरी रीत पडद्याच्या पंपाची. हा पंप एंजिनालाच जोडलेला असल्यामुळे त्याच्या उष्णतेने तापे. त्यातून उंचीबरोबर हवेचा दाब दर शंभर मीटरमागे सुमारे 1 टक्क्याने उतरतो. परिणामी नळीतच पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढण्यासाठी घडविलेला पंप वाफेपुढे हतबल ठरे.

यावर चालकांचा उपाय सर्वश्रुत आहे : पंपावर ओले फडके. येथे एक सूक्ष्म भेद आहे. तापलेली इग्निशन कॉइल निकामी झाली तरी गाडी तशीच बंद पडते, आणि अर्ध्या तासाने तशीच सुरू होते. म्हणून नुसते थांबणे हा उपशय नव्हे. त्याने दोन्ही रोगांस सारखाच गुण येतो. फडके केवळ पंपावर ठेवून गाडी लागलीच सुरू झाली, तरच दोष पेट्रोलचा. त्याचप्रमाणे टाकीचे झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज होऊन गाडी चालू लागली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले. कार्बोरेटरची नळी सोडून पंप हलविल्यावर पेट्रोलबरोबर बुडबुडे आले, तर पंपाच्या अलीकडे कोठेतरी हवा शिरते आहे. भरघोस धार आली, तर पुरवठा ठीक असून कार्बोरेटर वा ठिणगी तपासावी.

गॅरेजातील बोलीत या परीक्षांची छाया पडली आहे. 'पेट्रोल येत नाही', 'गाडी पेट्रोल ओढत नाही', 'पंप पेट्रोल उचलत नाही' ही तीन वाक्ये सामान्यतः एकार्थी मानली जातात. वस्तुतः त्यांचे कर्ते भिन्न आहेत. पहिल्यात पेट्रोल, दुसऱ्यात गाडी, तिसऱ्यात पंप. कर्ता बदलला, की दोषाचे स्थान बदलते. 'एअर धरली' आणि 'कचरा आला' यांतही कारण स्वतंत्रपणे सांगितले आहे. परिभाषाकोश भागांना नावे देतात. परंतु दोषाचे ज्ञान नामांत नसून क्रियापदांत साठलेले असते.

हा विषय केवळ गतकालीन नाही. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि बिछाना व स्वयंपाकाची सोय असलेली वाहने घाटमाथ्यावर दिसू लागली. त्यांतील पेट्रोलच्या गाड्यांत आता कार्बोरेटर नाही. पंप टाकीतच बुडालेला असतो व काही पटींनी अधिक दाबाने पेट्रोल लोटतो, म्हणून वाफेचा अडथळा क्वचितच होतो. परंतु असे वाहन महिनोन्‌महिने उभे राहते. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पावसाळी हवेतील ओलावा शोषते, गाळणी तुंबते, आणि भार घेऊन चढ लागताच दाब कोसळतो. सपाटीवर निर्दोष दिसणारी गाडी वरंध्याच्या वळणावर अडते. संगणकी यंत्र 'मिश्रणात पेट्रोल कमी' एवढेच सांगते. ते रूप होय, निदान नव्हे. तेवढ्यावर पंप बदलून दिला जातो, आणि मूळ दोष गाळणीत किंवा पंपाकडे जाणाऱ्या क्षीण विद्युत्प्रवाहात तसाच राहतो. चढावर, भाराखाली, दाबमापक लावून पाहणे हाच येथील उपशय.

ज्या गाडीत कुटुंब रात्री निजते, तिच्या बाबतीत रूप आणि निदान यांची गफलत केवळ शब्दांची राहत नाही. कार्बोरेटरबरोबर जुन्या कारागिरांची क्रियापदेही मावळत आहेत. ती नोंदविण्याचे काम अभियंत्यांइतकेच भाषाभ्यासकांचेही आहे.