घराणे दप्तर
एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत्रे, सनदा, महजर, वाटणीपत्रे व हिशेबाचे कागद यांचा संग्रह. आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेले घोडेगाव आणि शेजारचा जुन्नर या भागात, देशावर इतरत्र होते तसेच, वतनदारांच्या घरी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवले जात. त्यांवर वतनाचा हक्क टिके. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशननेही असेच कागद पुराव्यादाखल मागितले. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपली, तेव्हा या कागदांची व्यावहारिक गरज सरली. दप्तरे नष्ट होण्याचा खरा धोका तेव्हापासून वाढला.

असे दप्तर मूळ बांधणीसह अखंड राखले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील वेचे ४५ भागांत छापले. मग मूळ रुमाल कशाला, असा आक्षेप येतो. पण निवड संपादकाच्या प्रश्नांनी ठरते. स्वारी व राजकारण छापले जाते. कर्ज, लग्नखर्च, भाऊबंदकी मागे राहते, आणि गावचा इतिहास तर त्यांतच असतो. शिवाय जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदा तिथी किंवा चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) असतो, वर्ष नसते. ते रुमालातील शेजारच्या कागदांवरून ठरवावे लागते. म्हणून ‘महत्त्वाचे’ पत्र वेगळे काढणाराच त्याचा काळ पुसतो. घरच्या गोष्टी उघड्या पडतील ही कुटुंबांची भीती रास्त आहे. मात्र अलीकडचे कागद ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवून, किंवा मूळ प्रत घरीच ठेवून छायाप्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या (स्थापना १९१०) संस्थेला देऊन तिचे निवारण करता येते.