हूडिया : वाळवंटी वनस्पतीची लागवड

दक्षिण आफ्रिका, नामिबिया व बोत्स्वाना या देशांच्या रखरखीत मुलखात हूडिया गॉर्डोनी ही मांसल वनस्पती आढळते. काटेरी खोडामुळे ती निवडुंग वाटते. प्रत्यक्षात ती रुईच्या कुळातील असून सह्याद्रीतील शिंदळ माकुडीची नातलग आहे.

सान जमातीचे लोक लांबच्या शिकारीत भूक-तहान मारण्यासाठी हूडियाचे खोड चघळत. दक्षिण आफ्रिकेतील सरकारी संशोधन परिषदेने १९९५ मध्ये या गुणधर्माच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही सान लोकांना न विचारता. त्यांना लाभाचा वाटा देणारा करार २००३ मध्ये झाला. दरम्यान वजन घटविणाऱ्या गोळ्यांची लाट आली आणि रानातील झाडे ओरबाडली जाऊ लागली. त्यामुळे २००४ मध्ये बँकॉक येथील ‘साइट्स’ परिषदेत हूडियाच्या व्यापारावर नियंत्रण आले. युनिलिव्हरने सुरक्षितता व परिणामकारकतेच्या कारणास्तव २००८ मध्ये आपला प्रकल्प सोडून दिला. तेव्हा हूडिया जोपासावी ती शोभेसाठी. खाण्याच्या फंदात पडू नये.

लागवड बियांपासून करणे उत्तम. जोडशिंगांसारख्या शेंगांतून रुईच्या ‘म्हाताऱ्यां’सारखे तंतुयुक्त बी उडते. ताजे बी उबदार हवेत जाड वाळूवर पेरल्यास साधारण आठवड्याभरात उगवते. खरी परीक्षा त्यानंतर असते, कारण रोपे मरतात ती बहुधा पाण्याच्या अतिरेकाने. मिश्रणात निम्म्याहून अधिक जाड वाळू किंवा विटांचा चुरा असावा आणि कुंडी लहान, मातीची असावी. वाढीच्या उबदार काळात माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. थंडीत जवळजवळ बंद ठेवावे. महाराष्ट्रात पावसाळाभर कुंडी छपराखाली, पण मोकळ्या हवेत ठेवणे भाग आहे.

बुंधा काळा व मऊ पडला की मूळ कुजले असे समजावे. अशा वेळी वरचा निरोगी भाग कापून सेरोपेजियाच्या कंदावर कलम करतात. त्यासाठी रोपवाटिकेतील परदेशी वेल वापरावी. सह्याद्रीतील कंदीलपुष्पे स्वतःच संकटात आहेत, त्यांना हात लावू नये.

फुले येण्यास काही वर्षे लागतात. ती बशीच्या आकाराची, मांसवर्णी असतात. परागीभवन माश्यांकडून होत असल्याने त्यांना कुजक्या मांसाचा दर्प येतो. बहराच्या दिवसांत कुंडी खिडकीपासून दूर ठेवलेली बरी. परदेशातून रोप मागविताना ते लागवडीतील असल्याचा दाखला व ‘साइट्स’ परवाना विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावा.