सेलवरचा सूर

आमच्या अंकुशनगरात, साखर कारखान्याच्या पट्ट्यात, वरात म्हटली की बेंजो आलाच. वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोयात गोरो मोरिता यांनी काढलेलं तायशोगोतो. आपल्याकडे त्याला तारांचा सूर टिपणारा पिकअप बसला आणि ते भोंग्यातून गर्जू लागलं. साध्या पिकअपचा सूर गोड, पण जनरेटरशेजारी घूं घूं करतो.

गिटारवाल्यांनी यावर तोड काढली. 1976 साली कॅलिफोर्नियात रॉब टर्नर यांनी सुरू केलेली कंपनी पुढे ईएमजी झाली. तिच्या पिकअपात कमी वेढ्यांची कॉइल, आतच प्रीअँप, त्याला नऊ व्होल्टचा सेल; म्हणून घूं घूं कमी. तिच्या ‘81’ या मॉडेलमध्ये सिरॅमिक चुंबक, आवाज कडक, धारदार. ‘85’मध्ये अल्निको, भरदार, गोलसर. बेंजोला ताशावर चढायला 81 बरा, हे खरं. पण दोन गल्ल्यांत कान किटतील. मी 85च लावीन. सेल मात्र खिशात जादा हवा. उतरला की सूर आधी चिरकतो, मग जातोच.