सुई टोचण्याआधीचा खेळ

पिंपरी म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण येथल्या जुन्या कारखान्यांपैकी एक औषधाचा आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले. न्यूमोनियासारख्या आजारांतून मुले वाचवणारे हे औषध बहुधा सुईने द्यावे लागे. जंतूंवर इलाज सापडला, पण सुईच्या भीतीवर?

त्याच सुमारास तिचाही विचार सुरू झाला होता. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक चित्रपट दाखवला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली अडीच वर्षांची मुलगी त्यात होती. तेव्हा आईवडिलांच्या भेटीवर कडक बंधने असत. मूल रडायचे थांबले की ‘रुळले’ असे समजत. प्रत्यक्षात ते आतून खचलेले असे. अनेक डॉक्टर या चित्रपटावर रागावले; पण १९५९ साली प्लॅट समितीने भेटीची बंधने काढण्याची शिफारस केली.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात हे काम १९५५ साली एका शिक्षिकेने हाती घेतले. एमा प्लँक मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या. ज्या माँटेसरींचे विचार ताराबाई मोडकांनी आपल्याकडे रुजवले, त्याच या माँटेसरी. प्लँकबाईंना बोलावले डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स यांनी. पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवल्याबद्दल १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक. विषाणू ओळखणाऱ्या डॉक्टरांनाही मूल ओळखणारी शिक्षिका हवी होती!

खेळाने काय साधते? उपचारात मुलाला सारे सोसावे लागते. खेळात तेच बाहुलीला सुई देते. पुढे काय होणार ते त्याला आधी कळते, आणि मनातली भीती बोलून दाखवता येते.

म्हणून आपणही एक करून पाहू. पाचव्या-सहाव्या वर्षी डीपीटीचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते. पहिलीच्या वर्गात लसीच्या आदल्या दिवशी कापूस, बाहुली आणि सुई नसलेली नवी सिरिंज देऊन ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळू द्यावे. ‘दुखणार नाही’ असे मात्र सांगू नये. ‘थोडे दुखेल, लगेच थांबेल’ असे खरे सांगावे. आणि ‘दंगा केलास तर सुई देतील’ ही धमकी वर्गातून कायमची हद्दपार करावी.